गाजलेल्या अल्बमांची यादी ऐकायला घेताना

‘ऐकायलाच हवेत असे शंभर अल्बम’ अशी एखादी यादी हातात आली की पहिला आठवडा झपाट्यात जातो. रोज दोन अल्बम उडवायचे, प्रत्येकाला दहापैकी आकडा द्यायचा, की पुढचा लावायचा. महिन्याभरानंतर वहीत उरतं ते ‘छान’, ‘ठीक’, ‘उगाच डोक्यावर घेतलेला’, ‘छान’. सहा महिन्यांनी ती वही उघडली तर कुठल्या अल्बममध्ये नेमकं काय आवडलं होतं, हे लिहिणाऱ्यालाही सांगता येत नाही.

हे टाळायचं असेल तर एकच नियम पक्का धरा. कानावर जे आलं ते एका रकान्यात, आणि त्या अल्बमबद्दल जे आधीपासून माहीत होतं किंवा नंतर वाचलं ते दुसऱ्या रकान्यात. दोन्ही एकाच वाक्यात कालवलं की ती प्रतिक्रिया तुमची राहत नाही, कुणाच्या तरी परीक्षणाचा गोषवारा होतो. खाली जी खटपट सांगितली आहे ती बहुतेक या नियमापायीच.

आधी वेळेचा हिशोब

कोलंबिया या रेकॉर्ड कंपनीने १९४८ साली बारा इंची एलपी, म्हणजे लांब वाजणारी तबकडी, बाजारात आणली. तिच्या एका बाजूवर आवाज न खालावता साधारण वीस-बावीस मिनिटं मावायची, म्हणून साठ-सत्तरच्या दशकांतले बहुतेक अल्बम ३५ ते ४५ मिनिटांचे आहेत. १९८२ मध्ये सीडी आली, मर्यादा ७४ मिनिटांवर गेली आणि नव्वदच्या दशकातले अल्बम तासाच्या पुढे पसरले. मिश्र यादीसाठी सरासरी ४५ मिनिटं धरायला हरकत नाही.

शंभर अल्बम म्हणजे ७५ तास. प्रत्येक अल्बम दोनदा ऐकायचा आहे, तेव्हा १५० तास. प्रत्येकावर लिहायला वीस मिनिटं धरली तर आणखी ३३ तास. आठवड्याला तीन नवे अल्बम या गतीने शंभर संपायला आठ महिने लागतात, आणि पाचशेच्या यादीला तीन वर्षांहून जास्त. चारच्या वर जाऊ नका. गती वाढली की आधी दुसरं ऐकणं गळतं, मग लिहिणं गळतं, आणि उरते ती फक्त खूण करण्याची हौस.

याद्यांमधले क्रमांक फार मनावर घेऊ नयेत. रोलिंग स्टोन मासिकाची पाचशे अल्बमांची यादी २००३ मध्ये आली, तेव्हा पहिला होता बीटल्सचा ‘सार्जंट पेपर्स लोनली हार्ट्स क्लब बँड’. २०२० मध्ये नव्याने मतदान झालं तेव्हा मार्विन गेचा ‘व्हॉट्स गोइंग ऑन’ पहिला आला आणि ‘सार्जंट पेपर्स’ चोविसाव्या जागी गेला. अल्बममधला एक सूरही बदलला नव्हता, मत देणारे बदलले होते. म्हणून यादी उतरवून घेताना क्रमांकाचा रकाना सरळ उडवा. ‘पहिल्या नंबरचा’ म्हणून ऐकायला बसलं की कान संगीताऐवजी थोरवी शोधत बसतात.

त्याऐवजी दोन सालं लिहा: ध्वनिमुद्रण कधीचं आणि प्रकाशन कधीचं. बहुतेक वेळा दोन्हींत फारसं अंतर नसतं. पण रॉबर्ट जॉन्सनचं ब्लूज १९३६-३७ मध्ये तीन-तीन मिनिटांच्या तबकड्यांसाठी मुद्रित झालं आणि ‘किंग ऑफ द डेल्टा ब्लूज सिंगर्स’ हा एलपी १९६१ मध्ये निघाला. यादीतलं १९६१ हे साल बघून ऐकणाऱ्याला त्याचा खरखरता आवाज मुद्दाम केलेला वाटू शकतो. शिवाय ही गाणी सलग चाळीस मिनिटं ऐकण्यासाठी बांधलेलीच नाहीत, त्यामुळे पाच-सहा गाण्यांनंतर कंटाळा आला तर तो अल्बमचा दोष म्हणून लिहू नका.

क्रम कसा लावायचा यावर मतभेद आहेत. सालवार ऐकण्याचा फायदा असा की मुद्रणाचं तंत्र कसं बदलत गेलं ते आपोआप कळतं. तोटा असा की बऱ्याच इंग्रजी याद्या १९६५ ते १९७५ या दहा वर्षांत गिटारवाल्या पोरांनी भरलेल्या असतात, आणि तिथे पोचलं की महिनोन् महिने एकच चव. आमच्या मते आठवड्याच्या तिघांत दोन अल्बम जवळच्या सालांतले असावेत आणि तिसरा पार वेगळ्या दशकातला, वेगळ्या जातीचा. उदाहरणार्थ जॉन कोल्ट्रेनचा ‘अ लव्ह सुप्रीम’ (१९६५), बीच बॉइजचा ‘पेट साउंड्स’ (१९६६) आणि क्राफ्टवेर्कचा ‘ट्रान्स-युरोप एक्सप्रेस’ (१९७७). पहिले दोन एकमेकांवर प्रकाश टाकतात, तिसरा कान धुऊन काढतो.

आवृत्ती: सगळ्यात जास्त फसगत इथेच होते

एकाच नावाखाली तीन वेगळी ध्वनिमुद्रणं असू शकतात. ‘मला हा अल्बम लांबट वाटला’ असं लिहिणाऱ्याने पुष्कळदा अल्बम ऐकलेलाच नसतो, त्याची पन्नासाव्या वर्षाची जाडजूड आवृत्ती ऐकलेली असते. मूळ दहा गाणी, मग डेमो म्हणजे कच्चे नमुने, मग अर्धवट टेक म्हणजे मुद्रणाचे सुटलेले प्रयत्न, मग एखादा कार्यक्रम. ऐकण्याआधी मूळ अल्बममध्ये किती गाणी होती आणि शेवटचं कुठलं, एवढंच शोधून कागदावर लिहा. ते संपलं की थांबा. अल्बमचा शेवट कुठे करायचा हा निर्णय करणाऱ्यांनी विचारपूर्वक घेतलेला असतो, आणि त्यावर लगेच एखादा कच्चा टेक वाजला की तो परिणाम विरतो.

साठच्या दशकात ब्रिटन आणि अमेरिका इथे एकाच नावाचे वेगळे अल्बम निघत. बीटल्सच्या ‘रिव्हॉल्व्हर’ची (१९६६) ब्रिटिश आवृत्ती १४ गाण्यांची, अमेरिकन ११ ची. गाळलेली तिन्ही गाणी मुख्यतः बीटल्समधल्या जॉन लेननची होती आणि अमेरिकेत ती आधीच दुसऱ्या अल्बमवर टाकून झाली होती. अमेरिकन आवृत्ती ऐकणाऱ्याचं ‘यात लेनन फारच थोडा आहे’ हे निरीक्षण बरोबरच असतं, फक्त ते ‘रिव्हॉल्व्हर’बद्दल नसतं. रोलिंग स्टोन्सच्या ‘आफ्टरमॅथ’चीही तीच गत: ब्रिटनमध्ये १४ गाणी, अमेरिकेत ११, आणि ‘पेंट इट, ब्लॅक’ फक्त अमेरिकन आवृत्तीत. यादी बनवणाऱ्यांनी कुठली धरली होती ते स्पष्ट नसेल तर कलाकाराच्या देशातली घ्या आणि नोंदीत तसं लिहून ठेवा.

मग मोनो (सगळा आवाज एकाच वाटेने) आणि स्टिरिओ (डावा-उजवा वेगळा). ‘पेट साउंड्स’ मोनोतच झाला. बीच बॉइजचा सूत्रधार ब्रायन विल्सन याला उजव्या कानाने जवळजवळ ऐकू येत नसे, त्याने सगळी वाद्यं एकाच बिंदूतून येतील अशी रचली. त्याचं खरं स्टिरिओ मिश्रण १९९७ मध्ये निघालं. दोन्ही ऐकण्यासारखी आहेत, पण पहिल्यांदा मोनोच ऐका. ‘सार्जंट पेपर्स’च्या वेळी बँडने लक्ष घातलं ते मोनो मिश्रणात, आणि दोन्हींत फरक इतका की ‘शीज लीव्हिंग होम’ मोनोमध्ये थोडं जलद आणि वरच्या पट्टीत आहे. या काळातल्या स्टिरिओत आवाज एका कानात आणि ड्रम दुसऱ्या कानात अशी सरळ वाटणी बरेचदा आढळते, कारण टेपवर वेगवेगळे आवाज साठवायचे रूळ (ट्रॅक) थोडे होते आणि प्रत्येक रूळ एका बाजूला सारून टाकला जाई. हेडफोनवर ते दहा मिनिटांत डोकं उठवतं. अशा वेळी स्पीकरवर ऐका, किंवा फोनच्या सेटिंगमधून आवाज मोनो करून घ्या.

वेगाचा घोळही असतो. माइल्स डेव्हिसच्या ‘काइंड ऑफ ब्लू’ची (१९५९) पहिली बाजू मुद्रित झाली तेव्हा मुख्य टेप यंत्र किंचित हळू चालत होतं. त्यामुळे एलपीवर पहिली तीन गाणी मुळापेक्षा थोडी चढ्या सुरात वाजत राहिली. पर्यायी टेपवरून हे दुरुस्त झालं ते १९९२ मध्ये. सोबत वाद्य लावून वाजवणाऱ्याला जुन्या प्रतीत ‘सो व्हॉट’चा सूर जुळता जुळत नाही तो याचमुळे.

इगी आणि द स्टूजेसच्या ‘रॉ पॉवर’चं (१९७३) मूळ मिश्रण डेव्हिड बोवीचं, १९९७ मध्ये इगी पॉपने स्वतः नवं केलं आणि ते इतकं मोठ्या आवाजावर ठोकलं की दोन्हींची जातकुळी वेगळी वाटते. नुसतं ‘रॉ पॉवर ऐकला’ असं लिहिण्याला म्हणूनच काही अर्थ नाही, कुठला ते लिहा.

जुन्या गायकांनी पुढे वेगळ्या कंपनीसाठी आपलीच गाणी पुन्हा गायलेली असतात, आणि शोधात कधीकधी तीच वर येतात. ओळखायच्या खुणा: गाण्याची लांबी मूळ लांबीपेक्षा पाच-दहा सेकंदांनी वेगळी, ड्रमचा आवाज काळाच्या मानाने फारच स्वच्छ, आणि तळाशी बारीक अक्षरात भलत्याच कंपनीचं नाव.

सेटिंग आणि आवाज

शफल बंद. एक गाणं दुसऱ्यात मिसळवणारा क्रॉसफेड शून्यावर. गाण्यांमधली फट बुजवणारी गॅपलेस सोय चालू, नाहीतर बीटल्सच्या ‘अ‍ॅबी रोड’च्या दुसऱ्या बाजूवरची एकाला एक जोडलेली गाणी मध्येच उचकी लागल्यासारखी तुटतात. अल्बम संपल्यावर आपोआप दुसरं काही सुरू करणारी ऑटोप्ले बंद. इक्वलायझर सपाट.

आवाजाची पातळी सारखी करणारी नॉर्मलायझेशन सोय चालू ठेवा, पण ती कशी वागते ते समजून घ्या. स्पॉटिफायवर नेहमीचं लक्ष्य उणे १४ एलयूएफएस (कानाला जाणवणारा आवाज मोजायचं एकक) असतं. अल्बम क्रमाने लावला तर पूर्ण अल्बमला एकच कमी-जास्त लागू होतं, म्हणजे हळुवार गाणं हळुवारच राहतं. प्लेलिस्टमध्ये मात्र प्रत्येक गाणं सुटं मोजलं जातं आणि कुजबूज व आरोळी एका उंचीवर येतात. म्हणून जादा गाणी टाळण्यासाठी प्लेलिस्ट बनवण्याचा मोह आवरा. अल्बमच्या पानावरूनच लावा आणि शेवटच्या गाण्याला ‘गाणं संपल्यावर थांब’ हा टायमर लावा. स्वतःच्या फाइल असतील तर प्लेअरमधल्या रिप्लेगेन या पातळी सारखी करणाऱ्या सोयीत ट्रॅकऐवजी अल्बम निवडा.

ही सोय बंद ठेवली तर आणखी एक गोची होते. तेच संगीत जरा मोठ्याने वाजलं की ते जास्त चांगलं वाटतं, कारण कमी आवाजात कानाला खर्ज आणि अगदी वरचे सूर कमी ऐकू येतात. नव्वदीनंतरचे आणि नव्याने मास्टर केलेले अल्बम मोठ्या पातळीवर असतात, त्यामुळे १९५९ चा अल्बम त्यांच्यापुढे उगाच फिका वाटतो. उलट, फार ठोकून बसवलेला अल्बम वीस मिनिटांत थकवतो. सगळंच वर असल्याने कानाला उसंत मिळत नाही.

स्पीकर दोन असतील तर तुमचं डोकं आणि दोन स्पीकर मिळून समभुज त्रिकोण व्हावा, दीड-दोन मीटरचा. उंच सुरांचा छोटा स्पीकर कानाच्या उंचीवर, मागची भिंत जमली तर हातभर दूर. हेडफोन घातले की डावा-उजवा एकदा तपासा. फोनच्या स्पीकरवर मात्र प्रतिक्रिया लिहू नका. बास गिटारची सगळ्यात जाड तार मोकळी छेडली की साधारण ४१ हर्ट्झचा सूर निघतो, आणि फोनच्या इवल्याशा स्पीकरमधून तो मूळ सूर बाहेरच पडत नाही. बॉब मार्लीचा ‘कॅच अ फायर’ असा ऐकला तर गाण्याचा पाया काढून घेऊन वरचं बांधकाम बघितल्यासारखं होतं.

कान जपा. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशोबाने मोठ्यांसाठी ८० डेसिबलला आठवड्याला ४० तास ही मर्यादा आहे, ९० डेसिबलला तेच ४ तासांवर येतं. आठवड्याला सहा बैठका असल्या तर हा फरक महत्त्वाचा ठरतो.

पहिली बैठक

आधी काहीही वाचायचं नाही. गाण्यांचे शब्दही समोर नकोत, कारण डोळे ओळीवर गेले की कान त्या ओळीच्या मागे फरफटत जातात. हातात पेन आणि कागद, फोन उताणा नको, पालथा. घड्याळासाठी प्लेअरचा आकडा दिसला तरी पुरे.

एलपीच्या काळातला अल्बम असेल तर पहिली बाजू कुठे संपते ते आधी बघून ठेवा आणि तिथे मिनिट-दोन मिनिटं थांबा. पिंक फ्लॉइडच्या ‘द डार्क साइड ऑफ द मून’मध्ये (१९७३) पहिली बाजू ‘द ग्रेट गिग इन द स्काय’वर विझते आणि दुसरी ‘मनी’च्या गल्ल्याच्या खणखणाटाने उघडते. मधे तबकडी उलटवायचा वेळ गेला तर तो खणखणाट वेगळा लागतो, सलग वाजवला तर आधीचं गाणं चिरडतो.

टिपणं वाक्यांत लिहू नका. वेळ, आणि समोर दोन-चार शब्द. पूर्ण अल्बमला आठ ते बारा टिपणं भरपूर झाली. त्यांत काय असावं? कोण आधी आलं, कोण गायब झालं, ठेका कुठे बदलला, पट्टी कुठे सरकली, गळा कानाजवळ आहे की खोलीच्या टोकाला. पाश्चात्त्य संगीताची परिभाषा येत नाही म्हणून अडून बसायचं कारण नाही. मात्रा, ठेका, पट्टी, खर्ज, मुखडा, अंतरा हे शब्द पुरेसे आहेत. ‘मनी’तल्या सात मात्रा रूपक मोजलेल्या कानाला लगेच सापडतात, आणि सॅक्सोफोनच्या तुकड्यानंतर गिटार सुरू होताना ठेका चारवर येतो हेही.

नमुन्यादाखल ‘सो व्हॉट’वरचं टिपण असं होईल:

०:०० पियानो-बास, ताल नाही, चाचपडल्यासारखं
०:३० नंतर बास मुखडा म्हणतो, बाकीचे दोन सुरांत ‘हो’ भरतात
मधली आठ आवर्तनं पट्टी अर्ध्या सुराने वर, मग परत
१:३० च्या सुमारास झांजेवर एक मोठा फटका, तिथेच ट्रम्पेट सुटतो
ट्रम्पेट थोडे सूर, मोकळ्या जागा जास्त. पुढचा सॅक्सोफोन उलटा, ठासून भरलेला

यात ‘अप्रतिम’ कुठे नाही, तरी वाचणाऱ्याला गाणं सापडतं. आणि तो झांजेचा फटका. आठ-आठ आवर्तनांच्या चार भागांची चौकट संपवून ट्रम्पेटला दार उघडून देणारा तो एक क्षण. ऐकणाऱ्याने तो टिपला असेल तर त्याने खरंच ऐकलं असं समजायला हरकत नाही.

लक्ष उडालं ती वेळही लिहा: ‘२१:०० ते २४:०० कुठे होतो माहीत नाही’. हे लपवण्यासारखं नाही, ही सगळ्यात उपयोगी नोंद आहे. दुसऱ्यांदाही तिथेच लक्ष उडालं तर प्रश्न अल्बममध्ये असण्याची शक्यता आहे. वेगळीकडे उडालं तर त्या दिवशीचा थकवा.

अल्बम संपल्यावर दहा मिनिटांच्या आत, काहीही न उघडता, तीन वाक्यं. कुठली सुरावट अजून डोक्यात आहे, कुठे कंटाळलो, उद्या परत लावावासा वाटतो का. शेवटचं गाणं सगळ्यावर आपला रंग चढवतं, म्हणून तीनांतलं एक तरी वाक्य मधल्या गाण्यांवर असू द्या.

दुसरी बैठक

तीन ते सात दिवसांनी. त्याच दिवशी लागोपाठ दोनदा ऐकून ती बैठक मोजू नका. कान अजून पहिल्याच फेरीत असतात. आठवडा उलटून फार दिवस गेले तर पहिल्या टिपणांचा संदर्भ सुटतो.

मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट झायन्स यांनी १९६८ मध्ये दाखवलं की एखादी गोष्ट नुसती पुन्हा पुन्हा समोर आली तरी ती जास्त आवडू लागते. तेव्हा दुसऱ्यांदा आवड वाढली तर त्यात थोडा वाटा नुसत्या ओळखीचा आहे हे धरून चाला. म्हणून दोन्ही वेळचे शेरे वेगळे ठेवायचे, पहिला खोडून वर दुसरा लिहायचा नाही.

आता वाचायला हरकत नाही, पण क्रमाने: आधी वादकांची नावं आणि मुद्रणाच्या तारखा, मग गाण्यांचे शब्द, परीक्षणं सगळ्यात शेवटी, तीही स्वतःचं लिहून झाल्यावर. ‘अ लव्ह सुप्रीम’चं उदाहरण घ्या. पहिल्या ऐकण्यात सॅक्सोफोन एका जागी अडकून फिरतोय असं वाटू शकतं. दुसऱ्या फेरीत पहिल्या भागाच्या उत्तरार्धात नीट कान द्या: चार सुरांचा तोच तुकडा तो बाराही पट्ट्यांतून फिरवून आणतो, आणि मग तोच तुकडा माणसांच्या आवाजात शब्द होऊन येतो. हे कळल्यावर ‘अडकून फिरतोय’ हे वाक्य खोटं पडत नाही. ते अर्धं होतं एवढंच, आणि दोन्ही अर्धी वहीत शेजारी शेजारी असली की नोंद वाचनीय होते.

‘हे तर आधी ऐकल्यासारखं वाटतं’ ही तक्रार जुन्या अल्बमांबाबत हमखास येते, कारण त्यांची नक्कल तुम्ही आधी ऐकलेली असते. उपाय सोपा आहे. त्याच अल्बमच्या आधीच्या एक-दोन वर्षांतलं, त्याच प्रकारातलं काहीतरी लोकप्रिय वीस मिनिटं ऐका आणि मग हा लावा. पुढचा धागाही पकडता येतो: ‘ट्रान्स-युरोप एक्सप्रेस’ची सुरावट आफ्रिका बंबाटाच्या ‘प्लॅनेट रॉक’मध्ये (१९८२) उचललेली आहे, ती दोन्ही पाठोपाठ ऐकली की यंत्रासारखा ठेका नाचाच्या गाण्यात कसा शिरला ते लांबलचक लेख न वाचता कळतं. क्राफ्टवेर्कचा हा अल्बम जर्मन आणि इंग्रजी अशा दोन्ही भाषांत आहे, कुठला ऐकलात ते लिहायला विसरू नका.

लिहिताना

दीडशे ते दोनशे शब्द. कमी असतील तर शेरा होतो, जास्त असतील तर त्यात इतिहास घुसतो. इतिहासाला दोन ओळी, बस. कुठल्या स्टुडिओत झालं आणि बँडमध्ये कुणाचं कुणाशी बिनसलं हे वाचणाऱ्याला इतरत्र मिळतं. तुमच्या कानाला काय लागलं ते दुसरीकडे कुठेच मिळणार नाही.

वाईट नोंद अशी दिसते: ‘हा एक कालातीत अल्बम आहे. प्रत्येक गाणं रत्न आहे. आजही तितकाच ताजा वाटतो.’ नाव झाकलं तर हे कुठल्याही अल्बमला चिकटेल, आणि हीच नोंदीची परीक्षा आहे. नाव झाकून वाचा. अल्बम ओळखू आला नाही तर पुन्हा लिहा. जोनी मिचेलच्या ‘ब्लू’वर (१९७१) ‘भावस्पर्शी’ लिहिण्यापेक्षा ‘कुठे गिटार, कुठे डल्सिमर, कुठे पियानो, पण जवळजवळ सगळीकडे दोन-तीन वाद्यांच्या वर नाही, गळा वर चढताना खाली आधार म्हणून काहीच नसतं’ असं लिहिलं तर तो अल्बम समोर उभा राहतो. नकारालाही हाच नियम. ‘बोअर’ ऐवजी ‘चौथ्या गाण्यापासून सातव्यापर्यंत एकच लय, एकच पट्टी’.

दहापैकी गुण देण्याची सवय सोडवत नसेल तर निदान पंचवीस अल्बम होईपर्यंत थांबा. सुरुवातीला सगळ्यांना सात-आठ मिळतात, मग हात आखडतो, आणि पाचवा व पंच्याहत्तरावा अल्बम एकाच मापाने मोजले जात नाहीत. त्यापेक्षा चार खुणा बऱ्या: विकत घेईन, पुन्हा ऐकेन, यातली दोन गाणी ठेवेन, नको. कृतीशी जोडलेली खूण सहा महिन्यांनी तपासता येते, ७.५ चं काय तपासणार?

अडणारे अल्बम

कॅप्टन बीफहार्टचा ‘ट्राउट मास्क रेप्लिका’ (१९६९) २८ गाण्यांचा, जवळपास ७९ मिनिटांचा. एका बैठकीत ऐकू नका. चार बाजू, चार दिवस. एकावेळी एकाच वाद्याचा हात धरा, आधी फक्त ड्रम, दुसऱ्या दिवशी फक्त डाव्या कानातली गिटार. गोंगाट वाटतो तो पाठ करून वाजवलेला आहे हे मग कळू लागतं. माइल्स डेव्हिसचा ‘बिचेस ब्रू’ (१९७०) दीड तासाहून मोठा, आणि त्यातली पहिली वीस मिनिटं निर्माता टिओ मॅसेरो याने टेप कापून-जोडून घडवलेली आहेत. तिथे सुरुवात-मध्य-शेवट शोधत बसलात तर वैतागाल. पुन्हा पुन्हा येणारा तुकडा कुठे डोकावतो तेवढं टिपा.

नायजेरियाच्या फेला कुटीच्या अल्बमांत बऱ्याचदा एका बाजूला एकच गाणं असतं आणि ‘झोम्बी’सारख्या गाण्यात गळा बराच उशिरा येतो. गायन कधी सुरू होतंय याची वाट बघणाऱ्याचा मधला वेळ फुकट जातो. ते गाणं वाद्यांचंच आहे, गायन पाहुणं. भाषा कळत नसेल तर पहिली फेरी भाषांतराशिवायच होऊ द्या. ब्रायन ईनोचा ‘म्युझिक फॉर एअरपोर्ट्स’ (१९७८) मात्र वरच्या बहुतेक नियमांना अपवाद आहे. तो हळू आवाजात, दुसरं काही करताना ऐका, आणि लक्ष किती वेळा त्याच्याकडे वळलं तेवढंच लिहा.

लू रीडचा ‘मेटल मशीन म्युझिक’ (१९७५) म्हणजे गिटारच्या फीडबॅकच्या चार बाजू, प्रत्येकी सोळा मिनिटांच्या आसपास. मूळ एलपीच्या शेवटच्या बाजूची शेवटची खाच स्वतःवरच वळवून बंद केलेली होती, सुई उचलेपर्यंत आवाज थांबत नसे. एक बाजू ऐकून प्रामाणिकपणे लिहिलंत तर कुणी हरकत घेणार नाही.

कलाकाराचं खासगी वागणं खटकत असेल तर त्यासाठी वेगळी ओळ ठेवा, ऐकण्याच्या टिपणांत ती मिसळू नका. दोन्ही मतं तुमचीच असली तरी ती वेगळ्या गोष्टींबद्दल आहेत.

अल्बम अर्धवट सोडायला काहीच हरकत नाही, अट एवढीच: निदान एक पूर्ण बाजू ऐकलेली असावी, आणि महिन्याभराने दुसऱ्यांदा प्रयत्न झालेला असावा. मग वहीत ‘सोडला, २२:४०’ असं लिहून पुढे जा.

दर पंचवीस अल्बमांनंतर एक आठवडा नवं काही लावू नका. जुन्यांतले तीन चिठ्ठ्या टाकून काढा, आधीची नोंद न वाचता ऐका, नवी नोंद लिहा आणि मगच जुनी उघडा. दोन्ही जुळत नसतील तर जुनी दुरुस्त करायची नाही, नवीवर तारीख घालून ती खाली चिकटवायची.